एका होडीतले दोघे

२ सप्टेंबर २०२५
सातपूर

आप्पा,

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं तर आई ते कुठेतरी लपवून ठेवेल आणि तुमच्या हाती लागणार नाही. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही ठेवता, म्हणून लिहायला बसले. फाडायचं असेल तर वाचून फाडा.

मुंबईच्या विमानतळावर हर्षलची शवपेटी ताब्यात घेताना तुम्ही माझ्याशी बोललात. लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हणालात, "तू गेलीस ती गेलीस, त्याला कशाला नेलंस?" आणि गाडीचं दार लावून घेतलंत. आम्ही मागून वणीपर्यंत आलो होतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं की नाही माहीत नाही. फाट्यावर गोरक्षकाका उभे होते. म्हणाले, "पोरी, इथूनच माघारी फिर. लोकं लय तापलेत. जावयाला कोणी हात लावला तर मला आवरायचं नाय." राकेश गाडीतच बसून होता. मी रस्त्यावरून चितेचा धूर पाहिला आणि परत फिरले.

काल राकेशला पोलीस ठाण्यातून फोन आला. तुम्ही अर्ज दिला आहे असं कळलं. त्यात लिहिलंय: हर्षलच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं, राकेशच्या अंगावर होतं. पोहणारा बुडाला आणि ज्याला पोहता येत नाही तो वाचला. म्हणजे राकेशने त्याचं जॅकेट हिसकावून घेतलं.

आप्पा, असं झालेलं नाही. त्या दोघांची होडी तिथल्या समुद्रात लाटेने उलटली. राकेशच्या जॅकेटचा पट्टा तुटका होता, ते निघून गेलं. हर्षलने आपलं काढून त्याला दिलं. म्हणाला, "दाजी, हे तुम्ही घाला. मला पोहता येतं, आप्पांनी शिकवलंय." हे त्याचे शब्द आहेत. त्याने आपण होऊन दिलं.

तुमचा मुलगा असा होता. त्याच्या नावाने खोटा अर्ज चालवू नका.

निकिता


२० सप्टेंबर २०२५
सातपूर

आप्पा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुम्ही घेतलं आहे.

तुमचा राग फक्त राकेशवर नाही, खोट्यावरही आहे हे मला कळतं. हर्षल घरी सांगून गेला की खत कंपनीने चांगल्या डीलरांना थायलंडची टूर दिली आहे. तुम्ही ते पेठेत सगळ्यांना सांगितलंत. आपल्या दुकानाचा नंबर लागला म्हणून तुम्हाला किती बरं वाटलं, हे तो मला तिथे सांगत होता आणि सांगताना त्याचं तोंड उतरलं होतं. कंपनीची टूर नव्हती. आम्ही पाचजण होतो. मी, राकेश, हर्षल, आणि राकेशच्या कारखान्यातला शेखर व त्याची बायको स्नेहल.

बेत हर्षलचाच होता. तो नाशिकला माल घ्यायला आला की आमच्याकडे जेवून जायचा, हे तुम्हाला माहीत नव्हतं. आईला होतं. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं गंगापूर रोडला एका हॉटेलात जेवायला बसलो होतो. वणीचं एक गिऱ्हाईक आत आलं. हर्षलने आपलं ताट उचललं आणि लांबच्या टेबलावर आमच्याकडे पाठ करून जाऊन बसला. वेटरला काही कळेना, तो पोळ्या कोणाला वाढायच्या म्हणून मधेच उभा. ते गिऱ्हाईक जाईपर्यंत आम्ही तसेच जेवलो. आम्ही बाहेर आलो. हर्षल म्हणाला, "ताई, आपण कुठंतरी लांब जाऊ. जिथं मला ताट उचलावं लागणार नाय."

म्हणून थायलंड. समुद्र, बेटं, सगळीकडे जातात तसं. पावसाळ्यात स्वस्त पडतं म्हणून ऑगस्ट.

तुम्ही त्याला कधी असं पाहिलं नसेल, म्हणून सांगते. पहिल्या दिवशी तो बूट हातात घेऊन वाळूत नुसता चालत राहिला. दुसऱ्या दिवशी दोराने कडा चढायचा होता. शेखर निम्म्यातून खाली आला, हर्षल वरपर्यंत गेला आणि वरून ओरडला, "सप्तशृंगीच्या पायऱ्या याच्यापेक्षा अवघड हायेत." दोर धरणाऱ्या तिथल्या पोराला मराठी कळत नव्हतं, तरी ते हसलं. राखीपौर्णिमा तिथेच आली. मी त्याला किनाऱ्यावर राखी बांधली. आजूबाजूला माणसं होती, कोणी वळून पाहिलं नाही. जेवायला आम्ही सगळे एका टेबलावर बसलो. त्याने राकेशच्या ताटातला मासा उचलून खाल्ला. एवढंच. पण लग्नाच्या पाच वर्षांत ते एकदाही झालेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मजा करायला गेले आणि पोरगा घालवून आले. खरं आहे. पण तो तिथे मजेत होता, हेही खरं आहे, आणि हे तुम्हाला माझ्याशिवाय कोण सांगणार?

निकिता


७ ऑक्टोबर २०२५
सातपूर

आप्पा,

काल आम्हाला ठाण्यात बोलावलं होतं. राकेशला आत घेतलं, मला बाहेर बाकावर बसवलं. नंतर मला बोलावलं. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, होडी उलटली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी किनाऱ्यावर होते, आप्पा.

पहिल्या पत्रात मी असं लिहिलं जणू मी डोळ्यांनी पाहिलं. मी पाहिलं नाही. आदल्या दिवशी बोटीत मला खूप उलट्या झाल्या होत्या, म्हणून मी कयाकमध्ये बसलेच नाही. कयाक म्हणजे प्लास्टिकची अरुंद होडी, दोन माणसं पुढेमागे बसून वल्ही मारतात. एकीत शेखर आणि स्नेहल, दुसरीत हर्षल आणि राकेश. राकेशला पाण्याची भीती. तो नको म्हणत होता. हर्षल म्हणाला, "दाजी, मी मागं बसतो. तुम्ही नुसतं पुढं बघा." समोर डोंगरासारखा एक खडक पाण्यात उभा होता, त्याला वळसा घालून परत यायचं होतं.

आभाळ अचानक काळं झालं. शेखर आणि स्नेहल अर्ध्यातून परत आले. हर्षल आणि राकेश खडकाच्या मागे गेले होते, तिथून दिसत नव्हते. होडीवाल्याने इंजिनाची बोट काढली. पाऊस इतका आला की खडकही दिसेना. मी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले होते, स्नेहलने मला मागे ओढलं.

बोट परत आली तेव्हा तिच्यात नारिंगी जॅकेट घातलेला एकजण होता. लांबून मला वाटलं, हर्षल. आप्पा, हे मी कोणाजवळ बोललेले नाही. जवळ आल्यावर राकेश आहे असं दिसलं आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते मी लिहिणार नाही.

हर्षल दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. खाडीच्या तोंडाशी झाडांची मुळं पाण्यात उतरलेली असतात, तिथे. तोंडावर काही जखम नव्हती. आईने विचारलं तर तिला हे सांगा.

शेखरने विमानतळावर तुमच्या माणसांना सांगितलं की एकाच्याच अंगावर जॅकेट होतं. तो खोटं बोलला नाही. पण तेव्हापासून तो आमच्याकडे येत नाही. कारखान्यात राकेश दिसला की रस्ता बदलतो. राकेश आता कारखान्यातही जात नाही. आंघोळीला बादलीभर पाणी काढतो आणि तसाच बाहेर येतो. मी टॉवेल ओला करून त्याचं अंग पुसते. सासूबाई म्हणतात, चैत्यभूमीला जाऊन येऊ. तो म्हणतो, तिथे समुद्र आहे.

साहेबांनी माझा जबाब घेतला. "पाहिलं नाही, नवऱ्याने सांगितलं," असं लिहून मी सही केली.

निकिता


२६ ऑक्टोबर २०२५
सातपूर

आप्पा,

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई आली होती. तुम्हाला सांगून आली नाही, म्हणून मी सांगते. तिला रागावू नका. ती डोळे तपासायला नाशिकला जाते म्हणून निघाली आणि बसस्टँडवरून मला फोन केला. घरी चल म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या उंबऱ्यात पाऊल टाकलं तर त्यांना तोंड कसं दाखवू?" मग आम्ही स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात बसलो.

तिने चहा घेतला नाही. विचारलं, "सकाळी खाऊन गेला होता का?"

"हो. अंडं, पाव आणि पपई."

"पपई त्याला आवडत नाही."

"तिथे खात होता."

तिने पुढ्यातला कप लांब सरकवला. मग म्हणाली, "निकू, तुझा नवरा खरं बोलतो का?"

मी म्हटलं, "हो."

"तू विचारलंस?"

"हो आई."

"काय विचारलंस?"

 मी विचारलेलंच नव्हतं. थायलंडच्या दवाखान्यात राकेश एवढंच म्हणाला होता, "हर्षलचं जॅकेट माझ्याकडे आलं." दिलं असंही म्हणाला नाही, घेतलं असंही नाही. आलं, म्हणाला. पुढचं मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्यानंतर आम्ही एका घरात राहतोय, एका ताटातलं खातोय, आणि त्या एका शब्दाच्या आजूबाजूने चालतोय.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. ती उठली. बसमध्ये चढताना म्हणाली, "विचार. तू नाही विचारलं तर ते दुसरं कोणीतरी विचारील."

आप्पा, मला भीती वाटते. एक भाऊ गेला आहे. विचारलं तर आणखी कोण जाईल, हे मला माहीत नाही.

निकिता


१६ नोव्हेंबर २०२५
सातपूर

आप्पा,

मी विचारलं.

मागच्या रविवारी दुपारी. सासूबाई विहारात गेल्या होत्या. राकेश खिडकीशी बसला होता. मी समोर बसले आणि म्हटलं, "जॅकेट त्याने दिलं की तू घेतलंस?"

तो म्हणाला, "तू इतके दिवस विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला ऐकायचं नाही."

मग त्याने जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते. माझ्याकडून एक शब्दही घालत नाही.

"खडकाच्या मागे लाटा मोठ्या होत्या. होडी आडवी झाली आणि उलटली. मी पाण्याखाली गेलो. वर आलो तेव्हा माझ्या जॅकेटचा पट्टा निघाला होता, ते डोक्यावरून गेलं. होडी लांब गेली होती. हर्षल पोहत माझ्याकडे आला. समोरून आला. मी त्याला धरलं. दोन्ही हातांनी, मानेला. मी त्याच्या अंगावर चढलो, निकिता. तो खाली जात होता, वर येत होता, आणि तो खाली गेला की मला श्वास मिळत होता. हे मला आठवतं. मग मधलं नाही. मग माझा हात त्या जॅकेटमध्ये होता आणि पट्टा माझ्या मुठीत होता. बकल त्याने काढलं की मी ओढून काढलं, मला माहीत नाही. तो माझ्यापासून थोडा लांब दिसत होता. मग लाट आली. मग दिसला नाही."

मी म्हटलं, "आठव."

तो म्हणाला, "रोज आठवतो. कधी तो काढून देताना दिसतो, कधी मी ओढताना दिसतो. दोन्ही सारखंच खरं वाटतं. आप्पांना सांग, मी घेतलं असेल. मी नाही म्हणू शकत नाही."

म्हणजे आप्पा, "दाजी, हे तुम्ही घाला, मला पोहता येतं" हे वाक्य हर्षलचं नाही. ते मी लिहिलं. राकेशने ते कधीच म्हटलेलं नाही. मला वाटलं, तुम्हाला शिकवल्याचा अभिमान वाटेल आणि तुम्ही अर्ज मागे घ्याल. मला माझ्या भावाचं शेवटचं वाक्य हवं होतं आणि ते कोणाकडेच नव्हतं, म्हणून मी तयार केलं.

हे पत्र तुम्ही ठाण्यात दिलंत तर राकेशवर केस उभी राहील. तो म्हणतो, राहू दे. तो स्वतः येऊन हेच सांगायला तयार आहे. मी त्याला थांबवलं आहे, कारण आधी तुम्ही वाचावं असं मला वाटतं. त्याच्या सांगण्याने हर्षल परत मरतो, आप्पा, आणि या वेळी मी किनाऱ्यावर नाही, समोर आहे. तरी मी त्याच्याजवळ राहणार आहे. का, ते मला नीट सांगता येणार नाही. लग्न केलं तेव्हाही तुम्हाला सांगता आलं नव्हतं.

पुढे मी लिहिणार नाही. जे होतं ते सगळं लिहिलं.

निकिता


४ डिसेंबर २०२५
वणी

निकिता,

पत्रं सगळी मिळाली. दुकानात वाचली. शेवटचं तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती मधेच उठून गेली, मग परत येऊन म्हणाली, पुरं वाचा.

मला लिहायची सवय राहिली नाही. समजून घे.

आपल्या मळ्यातल्या विहिरीवर मी गल्लीतली किती पोरं शिकवली ते तुला ठाऊक आहे. पाठीला डबा बांधून टाकायची आणि वरून बघत राहायचं. पोहायला शिकवणं सोपं आहे. दुसऱ्याला काढायचं कसं ते शिकवणं अवघड. बुडणारा माणूस धरतो. तो बायकोला धरतो, बापाला धरतो, आपल्या लेकरालाही धरतो. त्यात त्याचा दोष नाही, तो तेव्हा माणूसच नसतो. म्हणून मी हर्षलला शिकवलं होतं की समोरून जायचं नाही, मागून जायचं आणि केस धरायचे. आणि त्याने धरलंच तर आपण बुडी मारायची, खाली गेलं की तो आपोआप सोडतो. नाहीच सोडलं तर लाथ घालायची आणि सुटायचं. हे मी त्याच्याकडून करून घेतलं होतं. मीच त्याला विहिरीत धरायचो आणि तो माझ्या पोटात लाथ घालून सुटायचा. पहिलवानासारखी लाथ होती.

तुझा नवरा म्हणतो, हर्षल समोरून आला. तो म्हणतो, मी अंगावर चढलो आणि तो खाली जात होता, वर येत होता. म्हणजे त्याला सुटता येत होतं आणि तो सुटला नाही. लाथ घातली नाही. जॅकेट कोणी काढलं ते तुझ्या नवऱ्याला आठवत नाही. त्याने आठवावं याची मला गरज नाही. मला माझा पोरगा माहीत आहे.

मी त्याला शिकवलं ते त्याने केलं नाही, म्हणून तो गेला. त्याला हे दुसरं कोणी शिकवलं, याचा विचार मी दुकानात बसून करतो. मी तर नाही शिकवलं.

सोमवारी ठाण्यात जाऊन अर्ज मागे घेतला. साहेब म्हणाले, कारण लिहा. मी लिहिलं, बापाची समजूत चुकली. गोरक्ष म्हणतो, मी मऊ पडलो. पडलो असेन. लोक दुकानात यायचे ते अजून येतात पण बोलत नाहीत, खताची गोणी घेतात आणि जातात.

यावरून तू असं समजू नको की मी सगळं विसरलो. तुझं लग्न मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटलं आहे असं मी लिहिणार नाही. खोटं आपल्या घरात पुष्कळ झालं. हर्षलचं झालं, तुझ्या आईचं झालं, तुझंही झालं. टूरचं ऐकून मी पेठभर मिरवलो, तो माझा मूर्खपणा.

तुझी आई म्हणते, निकूला बोलवा. मी तिला नाही म्हणालो नाही. एकटी आलीस तर घरी जा, मी दुकानात असेन.

त्याला घेऊन आलीस तर आधी दुकानात या. मी त्याला मारणार नाही आणि कोणाला मारू देणार नाही. लोकांसमोर खुर्ची देईन. मग एकच विचारीन. हर्षल लांब दिसत होता असं तो म्हणतो, तेव्हा पोरगा काही बोलला का. त्याने मला बरं वाटावं म्हणून काही रचू नये. आणि काही बोललाच नसेल, तर तेही त्याने माझ्याकडे बघून सांगावं.

आप्पा